शहागंजच्या घड्याळाची चार मिनिटं

आमच्या शहागंजचं घड्याळ वर्षातले अकरा महिने चार मिनिटं पुढं असायचं, आणि ते मुद्दाम तसं ठेवलेलं असायचं. बाहेरगावचा एखादा शहाणा खाली उभा राहून, आपल्या मनगटाकडं बघत "अहो, तुमचं घड्याळ पुढं आहे" असं म्हणाला, की गल्लीतली माणसं त्याच्याकडं कीव आल्यासारखी बघायची. आम्हाला सांगायला आला होता! ते घड्याळ पुढं ठेवणारा माणूस माझा बाप होता.

हे लिहायचं मी कितीतरी वर्षं टाळलं. शाळेत आयुष्यभर मराठी शिकवली. ‘आमच्या शहरातील ऐतिहासिक वास्तू’ या विषयावरचे मुलांचे निबंध गठ्ठ्यानं तपासले, ‘निजामकालीन भव्य टॉवर’ या शब्दांपुढं लाल पेन्सिलीनं बरोबरची खूण केली, आणि स्वतः मात्र एक ओळ लिहिली नाही. माझी मराठी ऐकून लोक अजूनही विचारतात, "बाई, तुम्ही मूळच्या कुठल्या?" मूळची शहागंजची. टॉवरच्या पायथ्याशी, अत्तरवाल्याच्या शेजारी जे हातभर रुंदीचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं, त्याच्या मागच्या दोन खोल्यांत माझा जन्म झाला. आता लिहिते आहे, कारण वाचून मला बोल लावील असं माणूस उरलेलं नाही. तसं कुणी असतं तर बरं झालं असतं.

टॉवर निजामाच्या काळात बांधलेला. चौकोनी, वर निमुळता होत गेलेला, चारी बाजूंना कमानी आणि चारी बाजूंना तबकड्या. बाजाराच्या मधोमध असल्यामुळं भाजीवालीलाही दिसायचा आणि कापडवाल्यालाही. आतला जिना इतका अरुंद, की चढताना दोन्ही खांद्यांना चुना लागायचा. वर लाकडी कपाटासारख्या खोक्यात यंत्र होतं, त्याच्याखाली लांबलचक लंबक, आणि दोरांना टांगलेली लोखंडी वजनं. आठवड्यातून एकदा हँडल फिरवून ती वजनं वर ओढायची, मग ती आठ दिवस हळूहळू खाली येत घड्याळ चालवायची. लहानपणी मला वाटायचं, वेळ म्हणजे ही वजनं. ती जमिनीला टेकली की संपलं सगळं.

पोलीस ॲक्शनच्या आधी घड्याळ बघायचे ते अब्बांचे उस्ताद. फौजा आल्या, राज्य बदललं, आणि एके सकाळी उस्ताद बिऱ्हाड घेऊन हैदराबादला निघून गेले. किल्ली कचेरीत टाकून गेले. त्यानंतर किती आठवडे घड्याळ बंद होतं ते अब्बांनी मला कधी नीट सांगितलं नाही. त्या दिवसांबद्दल ते बोलतच नसत. एवढंच सांगायचे, की दुकानं बंद होती, रस्त्यावर कुणी नव्हतं, आणि घड्याळाची टिकटिकही नाही म्हटल्यावर त्यांना घरात बसवेना. विशी ओलांडलेलं पोरगं, घड्याळदुरुस्तीचं जेमतेम काम शिकलेलं. ते उठून कचेरीत गेले. नवा साहेब मराठी बोलणारा होता. त्यानं विचारलं, "चालवता येईल का तुला?" अब्बांना मराठी तेव्हा फारशी येत नव्हती, पण प्रश्न कळला. "हौ साब," म्हणाले, आणि किल्ली घेऊन आले. ती किल्ली पुढं तीस-पस्तीस वर्षं आमच्या दारामागच्या खिळ्याला होती.

चार मिनिटांची रीत उस्तादांची. त्यांच्या काळी ती कचेरीत हजेरीला जाणाऱ्यांसाठी होती. अब्बांच्या काळात ती एसटीसाठी झाली. खेड्यांतून बाजाराला आलेल्या माणसांजवळ घड्याळं नसायची, टॉवरकडं बघूनच ती स्टँडची वाट धरायची. घड्याळ चार मिनिटं पुढं असलं की दमलेल्या माणसाला चार मिनिटं सापडतात, असं अब्बांचं म्हणणं. गंगापूरकडच्या एका खेड्यातून एक धनगरीण रोज पहिल्या गाडीनं शेळीचं दूध आणि लोणी घेऊन यायची, आणि आठच्या गाडीनं परत जायची. ती दुकानासमोर किटली टेकवून म्हणायची, "मिस्तरी, तुमच्या घड्याळानं माझी गाडी आजवर चुकली नाय बगा." अब्बा भिंगातून मान वर न करता हसायचे. दिवसभरात तेवढंच हसायचे.

पण रमजानात ही चार मिनिटं चालायची नाहीत. मशिदीची देखभाल करणारा खादिम टॉवरच्या घड्याळाकडं बघून भोंगा वाजवायचा. सहेरी, म्हणजे पहाटेचं खाणं, संपल्याचा भोंगा आणि संध्याकाळी रोजा सोडायचा, इफ्तारचा भोंगा. घड्याळ पुढं असलं तर सूर्य मावळायच्या आधी सगळा मोहल्ला खजूर तोंडात टाकणार, आणि रोजा मोडणार. म्हणून चाँद दिसला, की त्या संध्याकाळी अब्बा वर जायचे आणि घड्याळ बरोबर वेळेवर आणायचे. ठोके देणाऱ्या घड्याळाचे काटे मागं फिरवत नाहीत, यंत्र बिघडतं. मागं आणायचं असेल तर लंबक हातानं धरून ठेवायचा, चार मिनिटं जाऊ द्यायची, मग सोडायचा. ईदच्या दिवशी पुन्हा काटा चार मिनिटं पुढं.

ती चार मिनिटं अब्बा कशी मोजायचे, तर तसबीहवर. शंभर मण्यांच्या दोन फेऱ्या, त्यांच्या ठरलेल्या लयीत. मनगटावर घड्याळ त्यांनी जन्मात बांधलं नाही. दुकानातली घड्याळं तर सगळी आजारी, त्यांच्यावर कोण विश्वास ठेवणार? शुक्रवारी सकाळी रेडिओच्या टिक-टिकवर टॉवरचं घड्याळ तपासायचे, तेवढंच. मशिदीच्या भिंतीवरचं घड्याळही टॉवरवरून तेच लावायचे. मी त्यांना चिडवायची, "अब्बा, हलवायानं मिठाई खाऊ नये तसं आहे तुमचं." ते म्हणायचे, "बेटा, मैं घड़ी देखता नहीं, घड़ी को चलाता हूँ." त्यांचा हा गर्व मला आवडायचा. खरं तर घरात आवडण्यासारखं तेवढंच होतं. अम्मी मी सातवीत असतानाच गेली होती. भावंड नव्हतं. दोन खोल्या, एक स्टोव्ह, आणि वर ते घड्याळ.

मला नोकरी लागून चार-पाच वर्षं झाली असतील तेव्हा अब्बा विसरायला लागले. आधी साध्या गोष्टी. भिंग कपाळावर असताना भिंग शोधणं, गिऱ्हाइकाचं घड्याळ दुसऱ्याच गिऱ्हाइकाला देणं. मग एका शुक्रवारी ते वजनं ओढायचं विसरले. शनिवारी दुपारी मी शाळेतून आले तेव्हा सहज कान दिला आणि माझ्या लक्षात आलं की ठोके कमी जोरात पडताहेत. अब्बा आदल्या दिवशी जुम्म्याच्या नमाजाहून आल्यापासून कुणाचं तरी मनगटी घड्याळ उघडून बसले होते. मी किल्ली घेतली, वर गेले, हँडल फिरवलं. ते अवजड होतं, हाताला फोड आले. खाली येऊन मी काही बोलले नाही.

त्यानंतर मी त्यांच्या पाठीमागून लक्ष ठेवायला लागले. शुक्रवारी ते खाली आले, की शाळेतून परतल्यावर मी काहीतरी निमित्त काढून वर जाऊन बघायची. बहुतेक वेळा सगळं ठीक असायचं. दोन-तीनदा नव्हतं. मी ते ठीक केलं. मला वाटायचं, मी किती शहाणी मुलगी आहे. बापाची लाज राखते आहे, मोहल्ल्यात कुणाला कळू देत नाही. कचेरीला कळलं तर किल्ली जाईल, आणि किल्ली गेली तर माणूस जाईल, हे मला पक्कं दिसत होतं. त्यात चूक नव्हती. चूक एवढीच होती, की मी हे कुणालाच सांगितलं नाही, त्यांना तर नाहीच.

त्या वर्षीचा रमजानचा चाँद आठवड्याच्या मधेच एका संध्याकाळी दिसला. मगरिबच्या, सूर्यास्ताच्या नमाजानंतर फटाक्यांचा आवाज झाला, भोंगा वाजला, गल्लीत मुबारकबादी सुरू झाल्या. मी दारात उभी राहून वाट बघत होते, की अब्बा मशिदीतून येतील, खिळ्यावरची किल्ली घेतील आणि वर जातील. ते आले नाहीत. मी चहाच्या हॉटेलाकडं बघितलं तर तिथं बाकावर बसलेले, खादिमशी गप्पा मारताहेत, हातात बशी. अर्धा तास झाला. पाऊण तास झाला. ते उठून दुकानात आले, दिवा लावला, आणि एक घड्याळ उघडून बसले. मला धडकी भरली. आज विसरले तर उद्या पूर्ण मोहल्ल्याचा इफ्तार चार मिनिटं आधी होणार.

मी त्यांना विचारू शकत होते. "अब्बा, वर जायचंय ना?" एवढे चारच शब्द. ते माझ्या तोंडातून आले नाहीत, कारण मागच्याच आठवड्यात मी दूध आणायची आठवण करून दिली तेव्हा ते चिडून म्हणाले होते, "मैं बच्चा नहीं." तो चिडका आवाज मला पुन्हा ऐकायचा नव्हता. मी किल्ली काढली, मागच्या दारानं गेले, जिना चढले. माझ्या मनगटावर घड्याळ होतं. लंबक धरला, चार मिनिटं मोजली, सोडला. खाली येऊन किल्ली खिळ्यावर अडकवली आणि सहेरीसाठी कणीक मळायला बसले. अगदी समाधानानं मळत होते, आजही त्या समाधानाची मला शिसारी येते.

अब्बा विसरलेले नव्हते.

तराविहची, रात्रीची लांब नमाज आटोपून, गर्दी पांगल्यावर, मी झोपल्यावर ते शांतपणे वर गेले. त्यांचं दर वर्षी असंच असायचं का, की त्या वर्षीच त्यांना उशीर करावासा वाटला, मला माहीत नाही. लहानपणी मी झोपून जायची, मोठेपणी स्वयंपाकात असायची, चाँद दिसल्यावर ते नेमके कधी वर जातात हे मी कधी बघितलंच नव्हतं. मी गृहीत धरलं होतं की लगेच. बापाच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम, आणि लेकीला त्याची वेळ माहीत नाही. ते वर गेले, लंबक धरला, तसबीहच्या दोन फेऱ्या म्हटल्या, सोडला. मग मशिदीत जाऊन तिथलं घड्याळही टॉवरला जुळवलं. त्यांच्या कामात काडीचीही कसर नव्हती. मी जे केलं ते माझं मला ठाऊक होतं, त्यांनी जे केलं ते त्यांना ठाऊक होतं, आणि घड्याळ चार मिनिटं मागं पडलं होतं.

दुसऱ्या दिवशी सहेरीचा भोंगा चार मिनिटं उशिरा वाजला. लांबच्या मशिदीची अजान त्याआधी ऐकू आली होती, पण लांबची अजान मागं-पुढं असतेच, कुणी मनावर घेतलं नाही. लोक भोंगा होईपर्यंत खात राहिले, पाणी पीत राहिले. मीही.

आठ वाजून गेल्यावर ती दूधवाली परत आली. रिकामी किटली हातात, घामाघूम. रोज्याच्या महिन्यात घड्याळ पुढं नसतं हे तिला वर्षानुवर्षं माहीत होतं, ती त्या बेतानं आधीच निघायची. "मिस्तरी," ती दुकानापुढं उभी राहून म्हणाली, "गाडी गेली की वो माझी. स्टँडावर गेले तर गाडी न्हाईच. कंडक्टर म्हनला, मावशी, टायमावर गेली ती. तुमचं घड्याळ मागं हाय व्हय?"

दुकानापुढं चार माणसं उभी होती, अत्तरवाला, खादिम, आणखी दोघं. कुणीतरी आतून रेडिओ आणला. पुढच्या बातम्यांच्या वेळी टिक-टिक झाली तेव्हा सगळ्यांनी मान वर करून टॉवरकडं बघितलं. चार मिनिटं. खादिमचा चेहरा उतरला. त्यानं हिशोब केला, मग अत्तरवाल्यानं केला, मग सगळ्यांनी. ज्यांनी भोंग्यापर्यंत खाल्लं होतं, त्या सगळ्यांनी वेळ संपल्यावर खाल्लं होतं. महिन्याचा पहिलाच रोजा गेला.

अब्बा तसबीह हातात घेऊन उभे होते. "दो फेरे गिने मैंने," ते म्हणाले. "बराबर गिने." मग ते स्वतःशीच म्हणाल्यासारखं म्हणाले, "शायद चार गिने होंगे."

तिथं मी बोलायला हवं होतं. मी दारात होते, शाळेला निघालेली, पर्स खांद्यावर. सगळं माझ्या लक्षात आलं होतं, एका क्षणात. मी एवढंच म्हणायचं होतं, "अब्बा, तुम्ही बरोबर मोजलं. मीही थांबवलं होतं." लोक हसले असते, मास्तरीणबाई टॉवरवर चढतात म्हणून थोडी कुजबुज झाली असती. पुढं मी स्वतःला पुष्कळ कारणं दिली. की मी बोलले असते तर त्यांचं विसरणं चव्हाट्यावर आलं असतं. की त्यांनी विचारलं असतं, तू वर का गेलीस, आणि मला सांगावं लागलं असतं, तुमच्यावर माझा भरवसा उरला नाही म्हणून. ही कारणं नंतर सुचली. त्या क्षणी मी भ्याले, एवढंच खरं. मी मान खाली घातली आणि शाळेला गेले. त्या दिवशी चौथीच्या वर्गाला मी काय शिकवलं ते मला आजही आठवत नाही.

मौलवीसाहेब भला माणूस. त्यांनी दुपारच्या नमाजानंतर सांगितलं, की जाणूनबुजून झालेलं नाही, ज्यांनी उशिरा खाल्लं त्यांनी ईदनंतर एक रोजा जास्तीचा धरावा, झालं. कुणी आरडाओरडा केला नाही. एक-दोघांनी टोमणे मारले, "मिस्तरीकी घड़ी सो गई थी," असले. बाकी लोकांनी उलट समजूत घातली. चार दिवसांत सगळे विसरले. अब्बा सोडून सगळे.

त्याच दिवशी दुपारी अब्बांनी काटे पुढं केले, घड्याळ बरोबर लावलं, आणि मग किल्ली घेऊन कचेरीत गेले. मी शाळेतून आले तेव्हा खिळा रिकामा होता. "दिमाग़ का भरोसा नहीं रहा," म्हणाले. मी स्टोव्ह पेटवत होते. पाठ त्यांच्याकडं होती. मी मागं वळले नाही.

कचेरीनं पुढं कुणाकुणाला किल्ली दिली. एकानं दोन वर्षं चालवलं, दुसऱ्यानं काही महिने. मग कधीतरी ते थांबलं आणि कितीतरी वर्षं तसंच थांबून राहिलं. अलीकडं टॉवरची डागडुजी झाली, रंग दिला, दिवे सोडले, घड्याळ पुन्हा लागलं. शहराच्या पाट्या बदलल्या, रस्ते रुंद झाले, आमचं दुकान कधीच गेलं. मी उस्मानपुऱ्यात राहते, आणि शहागंजला काम निघालं तर रिक्षावाल्याला लांबच्या रस्त्यानं न्यायला सांगते. तो समजतो म्हातारी वेडी आहे. त्याला काय सांगू?

ईद झाली आणि अब्बांनी रोजे सुरू केले. आधी मला वाटलं, राहिलेला एक रोजा धरताहेत. दुसऱ्या दिवशीही जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी मी विचारलं तेव्हा म्हणाले, की त्या दिवशी माझ्या घड्याळावर ज्यांनी ज्यांनी खाल्लं, त्या सगळ्यांचा रोजा माझ्यावर आहे. मी मौलवीसाहेबांकडं धावले. ते घरी आले, अब्बांजवळ बसले, हात हातात घेऊन समजावलं, की एकाचा रोजा दुसरा धरू शकत नाही, दीनमध्ये, धर्मात असं नाही. अब्बांनी सगळं ऐकून घेतलं. "हौ मौलाना," म्हणाले. दुसऱ्या दिवशी पुन्हा रोजा.

घरागणिक एक, माणसागणिक एक. अत्तरवाल्याच्या घरात सात माणसं, त्यांचे सात. खादिमचे पाच. बोहऱ्याच्या गल्लीतल्या एका विधवा बाईचा एक. ते मोजत होते, आणि त्यांना मोजता येत नव्हतं. विसरणं आता खरोखरच सुरू झालं होतं, जोरात, कुणीतरी बांध फोडल्यासारखं. काल कुणाचा धरला ते त्यांना आज आठवायचं नाही, म्हणून ते पहिल्यापासून सुरू करायचे. अत्तरवाल्याचे सात त्यांनी किती वेळा धरले असतील देव जाणे. अत्तरवाला स्वतः येऊन रडला, "चाचा, हमारे हो गए, अल्लाह कसम हो गए." अब्बा त्याच्या पाठीवर हात फिरवायचे आणि दुसऱ्या दिवशी विचारायचे, "तुम्हारे कितने लोग हैं घर में?"

माझ्या डोळ्यांसमोर बाप वाळत गेला. डॉक्टर म्हणाले, असं चाललं तर दिवस फार नाहीत. मी दुपारी भात कालवून पुढं ठेवायची, ते ताट सरकवायचे. मी ओरडायची. ताट आपटायची. एकदा मी त्यांच्या तोंडात घास कोंबायचा प्रयत्न केला, आणि त्यांनी तो थुंकून टाकला आणि लहान मुलासारखे घाबरून माझ्याकडं बघायला लागले. तेव्हाही मी खरं बोलले नाही. मनात म्हणायची, आज सांगते, उद्या सांगते. दीड वर्ष. इतका वेळ मी काय करत होते, मला विचारा.

मग एका दुपारी ते दुकानात कोसळले. हमालांनी उचलून आत आणून झोपवलं. शुद्धीवर आल्यावर मी त्यांच्या उशाशी बसले आणि सगळं सांगितलं. चाँद दिसला, तुम्ही हॉटेलात बसला होता, मी किल्ली घेतली, मी लंबक धरला. तुम्ही दोनच फेऱ्या मोजल्या होत्या. तुम्ही बरोबर होता. मी चुकले.

ते माझ्याकडं वळले. मग हसले. खरंखुरं, पोटातून. माझ्या डोक्यावर हात ठेवला, "पगली, पहले बोलना ना." मी दुधात पाव कुस्करून दिला, त्यांनी वाटीभर खाल्लं. संध्याकाळी अत्तरवाल्याला हाक मारून सांगितलं, "अरे, मैंने बराबर गिने थे!" अत्तरवाल्याला आणि मौलवीसाहेबांना मी खरं काय ते सांगितलं. त्या रात्री मी दीड वर्षात पहिल्यांदा शांत झोपले.

सकाळी मी चहा घेऊन गेले तर त्यांनी कप दूर सारला. "रोज़ा है," म्हणाले. "अत्तारवालों के सात बाक़ी हैं."

मी पुन्हा सांगितलं. शब्द तेच. या वेळी ते हसले नाहीत, संतापले. लेकीचा बापावर एवढाही भरवसा नाही? चोरून वर गेलीस? दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत, पण जेवले. तिसऱ्या दिवशी पुन्हा रोजा. मी पुन्हा सांगितलं. ते रडले. चौथ्या दिवशी म्हणाले, तू मला वाचवायला खोटं बोलतेस, मला कळतं. एका गुन्ह्याची कबुली मी रोज दिली, आणि रोज वेगळा निवाडा ऐकला. कधी माफी, कधी शिव्या, कधी अविश्वास. कुठलाही निवाडा दुसऱ्या दिवसापर्यंत टिकला नाही. माझं सांगणं त्यांच्या डोक्यात राहत नव्हतं. स्वतःची चूक मात्र राहत होती. ती दीड वर्ष मुरायला मीच वेळ दिला होता.

पंधरा-वीस दिवसांनी मी सांगणं बंद केलं. माझ्यात ताकद उरली नव्हती, आणि रोज सकाळी त्यांना पहिल्यांदाच ऐकताना बघणं मला सोसवत नव्हतं.

शेवटच्या आठवड्यात त्यांना माणसं ओळखू येत नव्हती. आमच्यात रीत आहे, जाणारा माणूस भेटीला आलेल्या प्रत्येकाला म्हणतो, ‘कहा-सुना माफ़ करना’. अब्बा प्रत्येकाकडं रोज्याची माफी मागत होते. अत्तरवाल्याकडं, खादिमकडं, मौलवीसाहेबांकडं, त्या दूधवालीकडंही. तिच्यापुढं हात जोडले तेव्हा ती पदर तोंडाला लावून म्हणाली, "अवो मिस्तरी, आमाला कुठला आलाय रोजा? एक गाडी तर चुकली. दुसरी मिळाली की." सगळे म्हणाले, माफ केलं. पण ते कुणाचं तरी राहिलंय अशा नजरेनं खोलीभर बघत होते.

मग त्यांची नजर माझ्यावर आली. कोण आहे हे त्यांना कळलं नाही. मोहल्ल्यातली कुणी बाई, असं समजून त्यांनी मला अदबीनं विचारलं, "आपने भी उस दिन भोंगे पे खाया था?"

मी म्हटलं, "हो."

त्यांनी मोठ्या कष्टानं हात जोडले. "आपका रोज़ा मेरी वजह से गया. माफ़ कर दीजिए."

खोलीत लोक होते, सगळे माझ्याकडं बघत होते. अत्तरवाल्याला खरं माहीत होतं, मौलवीसाहेबांनाही. मी अब्बांचे जोडलेले हात धरले आणि म्हटलं, "माफ केलं."

त्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि डोळे मिटले.